बादफेरीपूर्वीची वादचर्चा : कबड्डीच्या प्रेक्षकाचे अनुमान आणि संभाव्यताशास्त्र

मुरुड म्हटले की बहुतेकांस कोकणातील जंजिऱ्याशेजारचे मुरुड आठवते. येथे अभिप्रेत असलेले मुरुड लातूर तालुक्यातील, लातूर-बार्शी रस्त्यावरील, सोयाबीन व तुरीच्या शिवाराने वेढलेले मोठे बाजाराचे गाव होय. समुद्रापासून ते जितके दूर, तितकेच व्यावसायिक क्रीडासंघांपासूनही दूर आहे. मराठवाड्याच्या नावाचा एकही संघ प्रो कबड्डी स्पर्धेत नाही. तरीही बादफेरीचे सामने जवळ आले की अशा गावातील चहाच्या हॉटेलात, पारावर व केशकर्तनालयात जी वादचर्चा रंगते, ती पुण्यामुंबईतील चर्चेहून तसूभरही कमी नसते. 'यंदा पुणेरीचंच हाय बघा, अण्णा,' असे एकाने म्हणावे, आणि 'आरं, जयपूरनं परवाच्या साली फायनलला काय केलं ते इसरलास का?' असे दुसऱ्याने सुनवावे, हा या चर्चेचा ठरलेला आरंभ. सुशिक्षित मनुष्य अशा बोलण्याकडे रिकामटेकड्यांची करमणूक म्हणून पाहतो. परंतु या बोलण्यात अनुमानशास्त्रातील जवळजवळ सर्व मूलभूत प्रश्न दडलेले असतात. अपुऱ्या पुराव्यावरून भविष्याविषयी किती बोलावे, हाच त्यांतील मुख्य प्रश्न होय. त्याचा विचार एका प्रत्यक्ष उदाहरणाच्या आधारे करणे सोयीचे पडेल. ते उदाहरण म्हणजे प्रो कबड्डीचा दहावा हंगाम. हा हंगाम २ डिसेंबर २०२३ रोजी सुरू झाला व १ मार्च २०२४ रोजी संपला.

प्रथम स्पर्धेची रचना ध्यानात घेतली पाहिजे. बारा संघ होते. प्रत्येकाने उरलेल्या अकरा संघांशी दोन दोन सामने, म्हणजे एकूण २२ सामने खेळावयाचे होते. विजयास ५ गुण, बरोबरीस ३, आणि सात वा त्याहून कमी गुणांच्या फरकाने झालेल्या पराभवास १ गुण, अशी व्यवस्था होती. पहिले दोन संघ थेट उपांत्य फेरीत जात. तिसऱ्या ते सहाव्या क्रमांकाच्या चार संघांस आधी एकेक बाद सामना जिंकावा लागे. साखळी संपली तेव्हा पुणेरी पलटण ९६ गुणांसह पहिल्या व जयपूर पिंक पँथर्स ९२ गुणांसह दुसऱ्या स्थानावर होते. त्यांच्यामागे दबंग दिल्ली, गुजरात जायंट्स, हरियाणा स्टीलर्स व पाटणा पायरेट्स असा क्रम लागला. पुणेरी पलटणने २२ पैकी १७ सामने जिंकले होते, ३ बरोबरीत सोडविले होते आणि केवळ २ गमावले होते. संघनायक अस्लम इनामदार हा अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातला. तेव्हा मराठवाड्यातील प्रेक्षकाचा ओढा कोणाकडे असावयाचा, हे निराळे सांगावयास नको.

या वादात पहिली गफलत होते ती दोन प्रश्नांची सरमिसळ केल्यामुळे. 'सर्वांत बलवान संघ कोणता?' हा एक प्रश्न आहे आणि 'विजेतेपद कोणास मिळेल?' हा दुसरा. पहिल्याचे उत्तर बरोबर आले म्हणजे दुसऱ्याचेही आले, असे गृहीत धरले जाते. वास्तविक या दोहोंत मोठे अंतर आहे, आणि ते साध्या गुणाकाराने दाखविता येते. सहाही संघ अगदी तुल्यबळ आहेत असे घटकाभर धरू. पहिल्या दोघांस दोन सामने जिंकावे लागणार, म्हणून त्यांपैकी प्रत्येकाची संभाव्यता अर्धा गुणिले अर्धा, म्हणजे शेकडा २५. उरलेल्या चौघांस तीन सामने जिंकावयाचे, म्हणून प्रत्येकी शेकडा साडेबारा. दोन पंचवीस व चार साडेबारा यांची बेरीज शंभर होते, हा हिशेबाचा ताळा. म्हणजे बळात काडीचाही फरक नसताना केवळ क्रमांकामुळे एकाची आशा दुसऱ्याच्या दुप्पट होते. साखळीतील शेवटच्या दोनतीन सामन्यांस जे महत्त्व येते, ते यामुळेच.

आता पुणेरी पलटणचे बळ अजमावू. येथे एक मौज आहे. समोर एकच गुणतक्ता असताना तिघे शहाणे तीन निराळे आकडे काढू शकतात आणि तिघांसही आपापल्या परीने आधार असतो. पहिला म्हणेल, २२ सामन्यांत १७ विजय, म्हणजे शेकडा ७७. दुसरा म्हणेल, बरोबरीचा सामना हा अर्धा विजय समजावा. त्याचा हिशेब साडेअठरा भागिले २२, म्हणजे शेकडा ८४ असा येईल. तिसरा बरोबरीचे सामने बाजूस काढील आणि निकाल लागलेल्या १९ पैकी १७, म्हणजे शेकडा ८९ असे सांगेल. बादफेरीत सामना बरोबरीत सुटू शकत नाही, त्याचा निर्णय लावलाच जातो. म्हणून पहिल्याची रीत संघावर थोडा अन्याय करते, कारण ती बरोबरीस पराभव लेखते. तिसऱ्याची रीत गैरसोयीचा पुरावा पुसून टाकते. दुसऱ्याची रीत त्यातल्या त्यात समतोल होय. मात्र हॉटेलातील वाद अनेकदा केवळ याच कारणाने विकोपास जातो. दोघेही खरे बोलत असतात, परंतु दोघांचे छेद निराळे असतात.

यांपैकी कोणताही आकडा घेतला तरी तो २२ सामन्यांवर आधारलेला आहे, हे विसरता येत नाही. इतक्या लहान नमुन्यावरून काढलेल्या प्रमाणात स्वाभाविक चूक बरीच राहते. शेकडा ७७ या प्रमाणासाठी २२ सामन्यांवरील प्रमाणित त्रुटी सुमारे ९ येते. याचा अर्थ असा की संघाचे 'खरे' बळ शेकडा ६० च्या आसपास असूनही नशिबाने असा तक्ता दिसू शकेल, आणि शेकडा ९० च्या वर असूनही दिसू शकेल. संख्याशास्त्रज्ञ येथे आणखी एक सावधगिरी बाळगतो. बारा संघांतून जो पहिला आला, त्याचा आपण विचार करीत आहोत. जो पहिला आला त्याच्या यशात बळाबरोबर दैवाचाही थोडाफार वाटा असण्याचा संभव इतरांहून अधिक असतो. म्हणून पुढील सामन्यांविषयी बोलताना त्याचा आकडा सरासरीच्या दिशेने थोडा खाली ओढणे इष्ट ठरते. या प्रवृत्तीस सरासरीकडे परतणे असे म्हणतात. एखाद्या वर्षी विक्रमी सोयाबीन देणारे रान पुढल्या वर्षी बहुधा त्याहून कमी देते, हे मुरुडच्या शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. तोच नियम संघालाही लागू आहे, हे मात्र त्यास सहजी पटत नाही.

शिवाय साखळीतील विजय कोणाविरुद्धचे, हेही पाहिले पाहिजे. त्या हंगामात तेलुगू टायटन्सला २२ पैकी अवघे २ सामने जिंकता आले. अशा संघांविरुद्ध मिळविलेले विजय तक्त्यात पाटणा वा जयपूरविरुद्धच्या विजयांइतकेच वजन धरतात. बादफेरीत मात्र दुर्बळ प्रतिस्पर्धी गळालेले असतात. तेव्हा साखळीतील शेकडा ८४ हे प्रमाण बादफेरीच्या सामन्यास जसेच्या तसे लावणे चुकीचे होय. ते समंजसपणे ६५ ते ७० पर्यंत उतरविले, तर दोन्ही सामने जिंकण्याची संभाव्यता गुणाकाराने ४२ ते ४९ येते. २२ पैकी १७ सामने जिंकणाऱ्या, तक्त्यात सर्वांच्या वर असलेल्या संघाचे विजेतेपदही नाणेफेकीहून किंचित कमीच निश्चित होते, असा याचा अर्थ. 'पुणेरीचंच हाय' म्हणणाऱ्यास हे उत्तर नामर्दपणाचे वाटेल. परंतु उत्साहाने केलेल्या, उतारा न लावलेल्या हिशेबातही ८४ टक्क्यांचा वर्ग ७० च्या आसपासच भरतो, म्हणजे दहांत तीन वेळा निराशा पदरी येतेच.

या गणिताशी गतहंगामांचा अनुभव ताडून पाहण्यासारखा आहे. याच रचनेने सातव्यापासून अकराव्यापर्यंत पाच हंगाम खेळले गेले. सातव्यात, म्हणजे २०१९ साली, साखळीत पहिली आलेली दबंग दिल्ली अंतिम सामन्यात बंगाल वॉरियर्सकडून ३४-३९ अशी हरली. आठव्यात पहिले आलेले पाटणा पायरेट्स दिल्लीकडून ३६-३७ असे, एका गुणाने हरले. नवव्यात जयपूर, दहाव्यात पुणेरी पलटण व अकराव्यात हरियाणा स्टीलर्स हे तिन्ही संघ साखळीतही पहिले होते आणि विजेतेही तेच ठरले. पाचांपैकी तीन. पाच ही संख्या काही सिद्ध करण्यास फारच अपुरी आहे. एवढेच म्हणता येईल की, वरील हिशेबाशी तिचा विरोध नाही. अधिक लक्षणीय गोष्ट ही की पाचही वेळा विजेता पहिल्या दोन स्थानांतूनच आला. एक सामना वाचल्याचा लाभ किती मोठा असतो, याचे हे निदर्शक मानावयास हरकत नसावी.

'समोरासमोर' झालेल्या सामन्यांचा दाखला हा वादकांचा आवडता पुरावा. 'आपण त्यांना साखळीत धूळ चारली' किंवा 'त्यांच्यापुढे आपले नेहमीच पाय लटपटतात,' ही वाक्ये प्रत्येक बादफेरीपूर्वी ऐकू येतात. दहाव्या हंगामाच्या साखळीत दोन संघ एकमेकांशी दोनदाच खेळले. दोन सामन्यांवरून काढलेला निष्कर्ष आणि दोन नाणेफेकींवरून काढलेला निष्कर्ष यांत गुणात्मक फरक फारसा नाही. डिसेंबर २०२२ मधील नवव्या हंगामाच्या अंतिम सामन्यात जयपूरने पुणेरी पलटणला ३३-२९ असे हरविले होते. ती सल मराठी प्रेक्षकाच्या मनात ताजी होती. सल हा पुरावा नव्हे. पण मनुष्याची स्मृती वहीसारखी सर्व नोंदी सारख्या अक्षरात लिहीत नाही. जो पराभव जिव्हारी लागला तो ती ठळक लिहिते आणि उरलेले पंधरा विजय बारीक.

प्रेक्षकाच्या अज्ञानाचा पाढा वाचून थांबणे मात्र अन्यायाचे होईल. ज्या बाबतीत आकडा मुका असतो, तेथे मातीवर कबड्डी खेळलेल्या प्रेक्षकाची नजर बोलते. हा खेळ त्याच्या गावचा आहे. त्याच्या आजोबांनी त्यास हुतूतू म्हणून ओळखले होते. कोपरारक्षकाच्या गुडघ्यास पट्टी दिसली, की त्या अंगाने चढाई वाढणार हे तो जाणतो. चढाईपटू निदान रेषा जेमतेम ओलांडून परत फिरू लागला, की संघ तिसऱ्या, 'करो वा मरो' चढाईची वाट पाहात वेळ काढीत आहे, हे त्यास समजते. दोन विजयांतील फरकही तो ओळखतो. एक विजय प्रतिपक्षाच्या चुकांवर मिळालेला असतो, दुसरा बचावफळीच्या एकजुटीवर. गुणतक्त्यात दोन्ही सारखेच. संख्याशास्त्रात अशा पूर्वज्ञानास मानाचे स्थान देणारा एक संप्रदायच आहे. पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागाचे संस्थापक-प्रमुख डॉ. वसंत शंकर हुजूरबाजार यांनी केंब्रिज येथे ज्यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन केले, ते हॅरल्ड जेफ्रीज या संप्रदायाचे अध्वर्यू होत. त्यांच्या मते संभाव्यता म्हणजे उपलब्ध पुराव्याच्या आधारे एखाद्या विधानावर ठेवावयाचा विश्वास. नवा पुरावा येताच तो विश्वास ठरलेल्या नियमाने बदलला पाहिजे. वाद घालणाऱ्याचे खरे कसब येथेच लागते. सामन्याच्या दिवशी प्रमुख पकडपटू खेळणार नाही असे कळल्यावर ज्याचा आकडा ७० वरून ५५ वर येतो, तो अनुमान करीत आहे. ज्याचा आकडा तसूभर हलत नाही, तो केवळ निष्ठा प्रकट करीत आहे. निष्ठेत गैर काहीच नाही. मात्र तिला अनुमान म्हणू नये.

कबड्डीच्या अंगभूत रचनेचाही येथे विचार अवश्य आहे. वीस मिनिटांचे दोन डाव आणि प्रत्येक चढाईस फार तर तीस सेकंद, या हिशेबाने एका सामन्यात सुमारे ऐंशी चढाया होतात. इतक्या लढतींची बेरीज होत असल्याने, एखाददुसऱ्या गोलावर ठरणाऱ्या फुटबॉलच्या मानाने येथे बलवान संघास आपले बळ दाखविण्यास अधिक वाव मिळतो. उलट कुस्तीत एका क्षणाच्या गाफीलपणाने निकाल लागतो. निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडच्या हरिश्चंद्र बिराजदारांनी १९६९ साली महाराष्ट्र केसरीची गदा मिळविली. त्यांच्या लातूर जिल्ह्यातील जुन्या शौकिनास हे सांगणे नको. परंतु कबड्डीतील चढाया परस्परांपासून स्वतंत्र नसतात. बाद झालेला गडी बाहेर बसतो, मैदान रिकामे होत जाते, अखेर लोण चढतो आणि प्रतिपक्षास दोन गुण अधिक मिळतात. एका यशातून दुसरे यश निपजते. त्यामुळे ऐंशी चढायांचा सामनाही प्रत्यक्षात दोनतीन निर्णायक क्षणांवर येऊन ठेपतो. हैदराबाद येथे झालेल्या दहाव्या हंगामाच्या अंतिम सामन्यात पुणेरी पलटण व हरियाणा स्टीलर्स यांची पूर्वार्धात जवळजवळ बरोबरी चालली होती. मध्यंतरापूर्वी काही क्षण पंकज मोहितेने एकाच चढाईत चार गडी टिपले आणि १३-१० अशी आघाडी झाली. सामना संपला तो २८-२५ असा. अंतर पुन्हा तीन गुणांचेच.

या अंतिम सामन्यापूर्वी उपांत्य फेरीत पुणेरीने पाटण्यास ३७-२१ असे सहज नमविले होते. साखळीत पाचव्या आलेल्या हरियाणाने जयपूरला ३१-२७ असा धक्का दिला होता. म्हणजे मुरुडच्या वादात 'पुणेरी' म्हणणारा बरोबर ठरला आणि 'जयपूर' म्हणणारा चुकला. परंतु निकाल लागल्यावर अनुमानाची परीक्षा अशी एका वाक्यात उरकता येते काय? चार गड्यांची ती चढाई मध्यरेषेवर अडली असती, तर तेच अनुमान मूर्खपणाचे ठरले असते काय? हवामानखात्याने शेकडा ७० पाऊस सांगावा आणि आभाळ कोरडे जावे, की शिवारात त्या खात्याची टर उडविली जाते. वस्तुतः शेकडा ७० असे जेव्हा जेव्हा सांगितले, त्यांतील सुमारे ३० वेळा पाऊस पडता कामा नये. प्रत्येक वेळी पडला, तर अनुमान चुकीचे असते.

हवामानाच्याच क्षेत्रातून ग्लेन ब्रायर यांनी १९५० साली या परीक्षेची एक सोपी रीत सुचविली. घटना घडली तर १ व न घडली तर ० धरावे. सांगितलेली संभाव्यता त्यातून वजा करून वजाबाकीचा वर्ग करावा आणि अशा अनेक अनुमानांची सरासरी काढावी. सरासरी जितकी लहान, तितका अनुमान करणारा चांगला. समजा, ज्या सामन्यांत आवडत्या संघाची खरी संभाव्यता शेकडा ६० आहे, अशा सामन्यांविषयी एक गृहस्थ प्रत्येक वेळी छातीठोकपणे ९० सांगतात आणि दुसरे संयमाने ६० सांगतात. पहिल्याचा दंड जिंकल्यास ०.०१ व हरल्यास ०.८१, म्हणून सरासरीने ०.३३. दुसऱ्याचा जिंकल्यास ०.१६ व हरल्यास ०.३६, म्हणून सरासरीने ०.२४. आणि जो काहीच न जाणता दरवेळी 'निम्मे निम्मे' म्हणून चहा पिऊन निघून जातो, त्याचा दंड नेमका ०.२५. छातीठोक जाणकार हा अजाण माणसाहूनही वाईट ठरतो. दहापैकी सहा वेळा त्याचे म्हणणे खरे होत असूनही हे असे घडते. हॉटेलातील एखाद्या हौशी तरुणाने हंगामभर अशी वही ठेवली, तर गावातील कीर्तिवंत भाकितकारांचे मानक्रम बरेच उलटेपालटे होतील.

हा प्रश्न केवळ मानापमानाचा राहिला नव्हता. काही वर्षे असे अनुमान मोबाइलवरील पैशांच्या खेळांत विकले जात होते. वीस जणांनी प्रत्येकी ५० रुपये भरले आणि चालकाने एक हजारातून दीडशे ठेवून घेतले, तर वाटपास साडेआठशे उरतात. सरासरीने प्रत्येकाच्या वाट्यास साडेबेचाळीस येतात व साडेसात जातात. जाणकार मनुष्य यात टिकण्यासाठी इतरांहून थोडा शहाणा असून भागत नाही, चालकाचा वाटा भरून निघेल इतका शहाणा असावा लागतो. आपल्या ज्ञानाविषयी ९० टक्के खात्री असलेला आणि वास्तविक ६० टक्क्यांचा हक्कदार असलेला तरुणच या व्यवहाराचे खरे भांडवल होता. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. तोवर कितीएक घरांतील आडतीचे पैसे या वाटेने गेले असतील, त्याची मोजदाद ज्या त्या घरालाच ठाऊक.

दहाव्या हंगामानंतर वादकांस आणखी एक धडा मिळाला. विजेत्या पुणेरी पलटणचा आधारस्तंभ असलेला इराणी पकडपटू मोहम्मदरेझा शादलुई पुढच्या लिलावात हरियाणा स्टीलर्सकडे गेला. अकराव्या हंगामात अस्लम इनामदार जायबंदी झाला. गतविजेता पुणेरी संघ बादफेरीपर्यंतही पोहोचला नाही आणि २९ डिसेंबर २०२४ रोजी पुण्यातील बालेवाडीत, पुण्याच्याच प्रेक्षकांसमोर, हरियाणाने पाटण्यास ३२-२३ असे हरवून विजेतेपद घेतले. 'गेल्या वर्षीचा विजेता' हे शब्द उच्चारताना संघाचे नाव तेच राहते, मातीत उतरणारे सात गडी मात्र निराळे असू शकतात. जुन्या काळी गावचा संघ गावच्याच पोरांचा असे, तेव्हा ही अडचण नव्हती. २०२५ च्या बाराव्या हंगामापासून साखळीतील बरोबरीचे सामनेही तेथल्या तेथे निकालात काढण्याचा नियम झाला. त्यामुळे तीन बरोबऱ्या कोणत्या खात्यात धराव्यात, हा वर वर्णिलेला वाद आपोआप मिटला. त्या हंगामाच्या अंतिम सामन्यात पुणेरी पलटण पुन्हा उतरली आणि दबंग दिल्लीकडून २८-३१ अशी हरली. अंतर याही वेळी तीनच गुणांचे होते.